आणखी आठ दिवस

२ तारीख, सोमवार

सकाळी साडेआठला गाठ काढली. वाटाण्याहून लहान होती म्हणे. मला दाखवली नाही.

चौदा दिवस बोलायचं नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही, त्याने स्वरतंतूंना उलट जास्त ताण पडतो. हे मला आज कळलं, आणि चाळीस वर्षं मी या घशावर जगतो आहे. डॉक्टरांनी एक छोटी पांढरी पाटी आणि पुसता येईल असं पेन दिलं. म्हणाले, "जे बोलावंसं वाटेल ते लिहा." पाटी वहीच्या अर्ध्या पानाएवढी आहे. मला जे बोलावंसं वाटतं ते तिच्यावर मावणार नाही, म्हणून ही वही.

नोंद असावी म्हणून लिहितो. चित्रपट एकशे बेचाळीस. त्यांत इन्स्पेक्टर एकतीस वेळा, डॉक्टर चोवीस वेळा, मुलीचा बाप किती वेळा ते मोजलेलं नाही, मृतदेह एकदा. "आम्ही आमच्याकडून सगळे प्रयत्न केले" हे वाक्य मी पडद्यावर एकोणीसदा म्हटलं आहे. पटकथा लिहिल्या चार, पडद्यावर आल्या दोन. आणि एकोणीस वर्षं मुलांच्या कार्टून मालिकेतलं गाढव. चेहऱ्यावरून मला कुणी ओळखत नाही, पण दुकानात तोंड उघडलं की रांगेतली मुलं वळून बघतात. गाढव हसतं तेव्हा त्याचा आवाज खालून चढत जातो आणि अगदी वर गेला की फाटतो. त्या फाटण्यावर मालिका चालते असं निर्माता म्हणतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी. ऑपरेशनच्या आधी आठ भाग तरी करून द्या म्हणून तो घरी येऊन बसला होता. दिले करून.

पुढचं रेकॉर्डिंग तेवीस तारखेला आहे. तोवर आवाज परत आला नाही तर ते दुसरा माणूस घेणार आहेत. हे निर्मात्याने सांगितलं नाही, रेकॉर्डिस्टने सांगितलं. तो माझ्याबरोबर पहिल्या भागापासून आहे, त्याला राहवलं नसावं.

३ तारीख, मंगळवार

हाताची घडी, तोंडावर बोट. शाळेत ही शिक्षा मला सगळ्यात जास्त वेळा झाली होती, तेव्हा सराव आहे असं धरून चाललो होतो. दुपारपर्यंत कळलं की नाही.

घरात आम्ही दोघंच. ही निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. बस आगारात, लोक बसमध्ये विसरतात त्या वस्तूंच्या खिडकीवर ती चोवीस वर्षं होती. शांत स्वभाव. आमच्याकडे बोलण्याचं खातं माझ्याकडे आणि ऐकण्याचं तिच्याकडे, असंच पहिल्यापासून चालत आलं आहे. त्यामुळे आज घर फारच शांत होतं. जेवताना चमच्यांचा आवाज येत होता. चार घास झाल्यावर ती म्हणाली, "अहो, भाजीत मीठ बरोबर आहे ना?" मी मान हलवली. मग पाचेक मिनिटांनी म्हणाली, "आमच्या खिडकीवर एकदा एक कवळी आली होती."

मी वर पाहिलं. ती पुढे काही बोलली नाही. बहुधा मी मध्ये काहीतरी बोलेन म्हणून थांबली असावी.

५ तारीख, गुरुवार

कवळीचा मालक सापडला होता. पण तो न्यायला आला तेव्हा तोंडात दुसरी कवळी होती, आणि ही जुनीच जास्त बरी बसते म्हणून त्याने खिडकीसमोरच बदलून पाहिली. "आणि मला विचारतो, कशी दिसते. मी म्हटलं, दोन्ही तुम्हाला शोभतात." हे सांगताना ती स्वतःच हसत होती. ऑफिसातलं असं काही ती घरी सांगायची असं मला आठवत नाही. सांगितलं असेल तर मी तेव्हा शूटिंगवर असेन.

पटकथेचं काम चांगलं चाललं आहे. एका निवृत्त न्यायाधीशाची गोष्ट आहे, न्यायाधीश मीच करणार. शेवटी त्याचं चार पानी भाषण आहे. बोलायचं नसल्याने लिहायला वेळच वेळ. आज दीड पान झालं.

७ तारीख, शनिवार

लेकीचा फोन. ती दुसऱ्या गावी असते, फोनवर चेहरा दाखवून बोलते. मी पाटीवर "मजेत" लिहून दाखवलं.

तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा, तू असा गप्प बसलास की कुणीतरी वेगळाच वाटतोस. बरा वाटतोस."

मग मायलेकींचं बोलणं सुरू झालं. फोन टेबलावर उभा होता, मला सगळं ऐकू येत होतं. लेक म्हणाली, "आई, मी बारावीला नापास झाले तेव्हा माझी समजूत गाढवाने काढली होती. आणि लग्न मोडलं तेव्हा इन्स्पेक्टरने. 'घाबरू नका, आम्ही तपास करतोय.' मला तेव्हा बाबा हवा होता गं."

ही म्हणाली, "त्यांना तेच येतं."

मला हे अन्यायाचं वाटलं. त्या गाढवाचा आवाज एकदा ऐकायला मिळावा म्हणून लोकांची मुलं हट्ट धरायची. लेकीला घरबसल्या मिळत होता. पाटीवर लिहायला घेतलं, पण मावेना, तेव्हा पुसून टाकलं.

न्यायाधीशाचं भाषण अडीच पानं.

९ तारीख, सोमवार

तपासणी. डॉक्टरांनी नाकातून कॅमेऱ्याची नळी घातली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मी चोवीस वेळा डॉक्टर केला आहे, ही शांतता मला चांगली ओळखता येते.

"तुम्ही बोलताय," ते म्हणाले.

मी नाही म्हणून जोरात मान हलवली. ते हिच्याकडे वळले. ही म्हणाली, "नाही हो डॉक्टर. सात दिवसांत यांनी ब्रसुद्धा काढलेला नाही. मी शपथेवर सांगते."

"मग सूज उतरायला हवी होती. उलट वाढलीये. दिवसभर करतात काय?"

"लिहितात."

"काय लिहितात?"

"पिक्चरमधली बोलणी."

डॉक्टरांनी एक कागद पुढे केला आणि त्याच बोलण्यातलं एखादं वाक्य लिहायला सांगितलं. मी न्यायाधीशाचं लिहिलं. त्यांनी माझ्या गळ्यावर अंगठा ठेवला होता. वाक्य संपल्यावर म्हणाले, "स्वतःच ठेवून बघा." मी उजव्या हाताने लिहीत डावा अंगठा ठेवला. गळा हलत होता. वर, खाली, शब्दाशब्दाला, थेट भाषण चालल्यासारखा. मनातल्या मनात बोललं की सगळ्यांचाच थोडाफार हलतो, पण तुमच्याइतका हललेला मी पाहिला नाही, असं ते म्हणाले. म्हणजे सात दिवस तोंडाला कुलूप लावून मी आतून न्यायालयात बोंबलत होतो.

मुदत वाढली. तेवीस तारखेपर्यंत बोलणं बंद आणि संवाद लिहिणंही बंद. तेवीसला सकाळी तपासणी, आणि त्याच दिवशी दुपारी रेकॉर्डिंग. आवाज घासूनपुसून घ्यायला जो आठवडा मिळणार होता तो गेला. मला भीती वाटली. घरी येईपर्यंत वाटत होती.

१० तारीख, मंगळवार

मग ही वही लिहायची की नाही, असा प्रश्न आला. अंगठा ठेवून एकेक पाहिलं. "आज पाऊस नव्हता" असलं वाक्य लिहिताना गळा हलत नाही. इन्स्पेक्टरचं लिहिताना हलतो. निर्मात्याचं हलतो. लेकीचं, डॉक्टरांचं, शेजाऱ्याचं, माझ्या वारलेल्या सासऱ्यांचं, सगळ्यांचं लिहिताना हलतो. यांच्या नकला मी कधी ना कधी केल्या आहेत, घरी नाहीतर सेटवर. शेजारी समोर असतानाच मी त्याची नक्कल करतो, आणि तोच सगळ्यात जास्त हसतो.

हिचं वाक्य लिहिताना हलत नाही. पाच-सहा वाक्यं लिहून पाहिली. "भाजीत मीठ बरोबर आहे ना." "दोन्ही तुम्हाला शोभतात." गळा आपला ढिम्म. हिची नक्कल मी कधी केलीच नाही. तिच्या बोलण्यात पकडण्यासारखं काही नसावं.

काही का असेना, सोय झाली. तेवीसपर्यंत वहीत फक्त हिचं बोलणं उतरवायचं. बाकीच्यांचं लिहायचं नाही.

१२ तारीख, गुरुवार

तिला आता सवय झाली आहे. मी खुर्चीत बसलो की समोर बसते आणि हातात काहीतरी निवडायला घेते.

तिच्या खिडकीत छत्र्या सगळ्यात जास्त यायच्या. त्यांना ती रंगाने ओळखत नसे, मुठीने ओळखायची. "माणूस आधी मूठ सांगतो. वाकडी, लाकडी, मांजराचं तोंड असलेली. रंग विचारला की हमखास चुकतो." वस्तू हरवलेला माणूस आधी रागावलेला असतो, मग लाजतो, मग तुम्हीच चोरली असल्यासारखा बघतो, असं ती म्हणाली. "मी त्यांना बसवायची. नोंदवहीत लिहून घ्यायची. निम्मे तर लिहून झालं की वस्तू न बघताच शांत व्हायचे."

मी चाळीस वर्षं गोष्टी शोधत हिंडलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पाटीवर लिहिलं, "हे कधी सांगितलं नाहीस."

तिने वाचलं. "सांगितलं होतं की. तुम्ही त्या कवळीवाल्याचा आवाज काढून दाखवलात आणि सगळे इतके हसले की माझं सांगायचं राहिलंच." मग म्हणाली, "हे पिक्चरमध्ये घालू नका हं."

मी मान हलवली. पिक्चर वेगळा आणि वही वेगळी.

१६ तारीख, सोमवार

रेकॉर्डिस्ट भेटायला आला होता. त्याचं बोलणं लिहायचं नाही असा नियम आहे, म्हणून सारांश. नव्या माणसाची चाचणी झाली. चांगला आहे. माझे जुने भाग ऐकून ऐकून त्याने हसणं बसवलं आहे, फक्त फाटणं जमत नाही. फाटतं, पण खोटं फाटतं. हे ऐकून मला आनंद झाला. हा मोठेपणा नव्हे हे कळतं, पण झाला.

तो गेल्यावर ही म्हणाली, "तुमच्याशी बोलायला आला आणि सगळा वेळ माझ्याशीच बोलत बसला बिचारा." तिला त्याचं अप्रूप वाटलेलं दिसलं.

१९ तारीख, गुरुवार

न्यायाधीशाकडे पाहिलं. संवाद लिहायचे नाहीत म्हणून नुसत्या हालचाली लिहून पाहतो आहे. तो खिडकी उघडतो. चष्मा शोधतो. चष्मा कपाळावरच असतो. त्याची बायको ते बघते आणि सांगत नाही. या शेवटच्या वाक्यावर अडलो. ती का सांगत नाही, ते मला ठाऊक नाही. आपोआप लिहिलं गेलं.

चार पानी भाषण परत वाचलं. माणूस फार बोलतो.

२२ तारीख, रविवार

आज हिने बॅगवाल्याची गोष्ट काढली. दर मंगळवारी अकराच्या सुमाराला एक माणूस खिडकीवर यायचा आणि तपकिरी बॅग सापडली का विचारायचा. पट्टा तुटलेला, आत काही विशेष नाही. ती बघून नाही म्हणायची. तो म्हणायचा, बरं, मग तेवढं लिहून घ्या. ती तारीख घालून लिहून घ्यायची. तो आभार मानून जायचा. असं सहा वर्षं.

"मी एकदा जुन्या नोंदवह्या काढून बसले. पहिली नोंद शोधायला. म्हटलं, बॅग हरवली तरी कधी ते बघावं."

मी खुर्चीत पुढे सरकलो.

"आणि काय सांगू, पहिल्या नोंदीत..." एवढ्यात दारावरची घंटा वाजली. शेजारी शिडी मागायला आला होता. शिडी देऊन परत येईपर्यंत तिला भाजी करपल्याचा वास आला आणि तो विषय राहिला. पाटीवर "पहिल्या नोंदीत काय?" असं लिहून दोनदा दाखवलं. "सांगते हो, उद्या सांगते. पळून जात नाहीये," म्हणाली.

उद्या तेवीस.

२३ तारीख, सोमवार

आज बरंच लिहायचं आहे.

हिला दंतवैद्याकडे जायचं होतं, म्हणून दवाखान्यात एकटाच गेलो. डॉक्टरांनी नळी घातली आणि लगेच काढली. "सुरेख. बोला काहीतरी. हळू, नेहमीच्या आवाजात." मी म्हटलं, "आम्ही आमच्याकडून सगळे प्रयत्न केले." ते हसले. आवाज आला होता. स्वच्छ, भरलेला, वीस वर्षांपूर्वी होता तसा. डॉक्टर म्हणाले, आजपासून बोलायला हरकत नाही, फक्त पहिले काही दिवस बेताने.

तिथूनच स्टुडिओत गेलो. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट होता, त्याच्या मागे निर्माता आणि नवा माणूस. नवा माणूस उठून उभा राहिला. चांगला वाटला, चौतीस-पस्तीसचा असेल. मी गाढवाचं हसणं लावलं. खालून चढत गेलो, वर गेलो, आणखी वर गेलो. फाटलं नाही. परत केलं. फाटलं नाही. गोड, सरळ, एखाद्या गायकाचं गाढव असावं तसं निघालं. तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं आणि काचेपलीकडे रेकॉर्डिस्टच्याही आलं असावं, कारण त्याने मान खाली घातली. इतकी वर्षं आवाज फाडत होती ती गाठ. डॉक्टरांनी वाटाण्याहून लहान म्हणून जे काढलं ते माझं गाढव होतं.

निर्माता काही बोलण्याआधी मीच बोललो. काच ओलांडून गेलो, नव्या माणसाला माइकसमोर उभं केलं आणि म्हटलं, "वर पोचल्यावर फाडू नका. वर पोचायच्या आधीच श्वास संपवा. मग ते आपलं आपण फाटेल." चौथ्या वेळी फाटलं. खरं फाटलं. मला वाईट वाटलं, आणि त्याला शाबास म्हणालो. दोन्ही एकाच श्वासात झालं.

निघताना रेकॉर्डिस्टने मला थांबवलं. म्हणाला, "सर, आवाज इतका छान आलाय, आठवण म्हणून दोन वाक्यं ठेवू या. काहीही बोला. तुमच्या आवाजात."

मी माइकसमोर उभा राहिलो आणि बोललो. तो म्हणाला, "हा इन्स्पेक्टर झाला." दुसरं बोललो. "हा मुलीचा बाप." तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि काही सुचेना. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. शेवटी म्हणालो, "ही काल बॅगवाल्याची गोष्ट अर्धी सोडून उठली. पहिल्या नोंदीत काय होतं ते अजून सांगितलेलं नाही."

रेकॉर्डिस्टने कानावरचे हेडफोन काढले. मग म्हणाला, "हां. हा ठेवतो."

घरी येताना रस्ताभर हिला काय काय सांगायचं ते ठरवत आलो. गाढव गेल्याचं, नव्या माणसाचं, निर्मात्याचा चेहरा कसा झाला त्याचं. जिना चढेपर्यंत निर्मात्याचा आवाजही बसवून झाला होता. हिने दार उघडलं. तिचा गाल सुजला होता. "काय म्हणाले डॉक्टर?"

मी तोंड उघडलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि तिचा चेहरा मला नीट दिसत होता. ऐकायची तयारी करत होती. ती तयारी मी चौतीस वर्षं पाहिली आहे, पण ती तयारी असते हे आज कळलं.

मी तोंड मिटलं. पिशवीतून पाटी काढली आणि लिहिलं, "आणखी आठ दिवस."

"अगं बाई," ती म्हणाली. मग म्हणाली, "बरं, हातपाय धुऊन घ्या. सूप केलंय, दोघांनाही चालेल."

एकशे बेचाळीस चित्रपट केले, पण बिनआवाजाची भूमिका ही दुसरी. पहिली मृतदेहाची होती. तीही बरी झाली होती.

२४ तारीख, मंगळवार

सकाळी मी अंघोळ करून बाहेर आलो तेव्हा ही फोनवर होती. रेकॉर्डिस्टचा फोन. पंधरा मिनिटं चालला. तीच जास्त करून ऐकत होती. एकदा म्हणाली, "काय सांगता," आणि मग माझ्याकडे पाठ करून खिडकीशी जाऊन उभी राहिली. ठेवल्यावर मी पाटीवर विचारलं, काय म्हणत होता.

"काही नाही हो. तुमच्या तब्येतीची चौकशी."

तब्येतीच्या चौकशीला पंधरा मिनिटं. त्याच्याकडेही घरी ऐकणारं कुणी नसावं.

मग तिने चहा केला, समोर येऊन बसली आणि मी न विचारताच सुरुवात केली. "तर पहिल्या नोंदीत बॅग नव्हतीच. पहिल्या नोंदीत लिहिलं होतं, बायकोची छत्री. निळी, मूठ वाकडी. ती छत्री मीच त्याला दिली होती, त्याच दिवशी. सापडली म्हणून सही आहे त्याची. त्यानंतर वर्षभर काही नाही. मग एकदम बॅग. मी विचारलं त्याला एका मंगळवारी, अहो, वहिनी कशा आहेत? तर म्हणाला, वारली. त्याच वर्षी. मी म्हटलं, आणि बॅग? तो म्हणाला, बॅग अशी काही नाही हो. तुम्ही त्या दिवशी बसवून घेतलंत, विचारलंत, लिहून घेतलंत. तसं नंतर कुणी विचारलं नाही."

चहा निवत होता. मी हात लावला नाही.

"मग मी काय करणार. म्हटलं, बरं, पट्टा तुटलेलाच ना? आणि लिहून घेतलं. निवृत्त होईपर्यंत घेत होते. खोटी नोंद, सरकारी वहीत. कुणाला बोलले नाही. आज तुम्हाला सांगतेय."

हे तिच्या शब्दांत, जसंच्या तसं उतरवलं. उतरवताना सवयीने अंगठा गळ्यावर गेला. हलत होता. पहिल्यांदाच. दोनदा खात्री करून घेतली. "आज तुम्हाला सांगतेय" इथे तर चांगलाच हलला.

दुपारी ती बाजारात गेली आणि पाटीची नवी पेनं घेऊन आली. जुनं सुकत आलं होतं खरं. "डॉक्टर आठ दिवस सांगतात आणि महिने होतात," म्हणाली, "घाई नको करायला." बघितलं तर तिने डझनाचा डबा आणला आहे. आठ दिवसांना बारा पेनं. हिला अंदाज कसा तो कधी नव्हताच.